मधल्या गुणांचा पसंतीक्रम

वैद्यकीय प्रवेश गुणांवर ठरत नाही, गुणानुक्रमावर ठरतो. नीट-यूजी ही परीक्षा ७२० गुणांची असते. त्यात १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. मात्र ७२० पैकी किती मिळाले, या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. २०२४ साली ६५० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी होते. २०२५ साली प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, अवघड निघाली. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते आणि ६५० च्या वर अवघे ७३ जण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतारेषाही १६२ वरून १४४ वर आली. त्यामुळे मागच्या वर्षीच्या गुणांशी या वर्षीच्या गुणांची तुलना करणे निरुपयोगी ठरते. तुलना करायची ती देशपातळीवरील क्रमांकाची आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांकाची.

'पात्र' या शब्दानेही गैरसमज होतो. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातील सरकारी आणि खासगी एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे दहा पात्र विद्यार्थ्यांमागे साधारण एक जागा. जो विद्यार्थी पात्रतारेषेच्या बराच वर आहे, पण सरकारी महाविद्यालयातील शेवटच्या प्रवेशाच्या आसपास किंवा थोडा खाली आहे, त्याचे गुण 'मधले' समजावेत. वरच्या क्रमांकाच्या मुलांसमोर निवड सोपी असते आणि तळाच्या क्रमांकाच्या मुलांना निवडच नसते. खरा विचार करावा लागतो तो मधल्यांना.

नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा आणि आसपासच्या गावांतील अनेक मुले अकरावी-बारावीसाठी एक तर नांदेडला जातात किंवा लातूरला. दोन वर्षे खोली, मेस आणि क्लासचा खर्च करून निकाल मधला लागला, की घरात दोन मते पडतात. ती मते इथे लोहा तालुक्यातील एक कास्तकार वडील आणि नांदेडला विज्ञान शिकवणारे मामा यांच्या तोंडी दिली आहेत. ही माणसे प्रातिनिधिक आहेत. या वडिलांची मुलगी इतर मागासवर्गातील आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, असे धरले आहे.

अर्ज नेमका कुठे करायचा

वडील : मामा, मला एवढंच सांगा, फॉर्म नांदेडच्या कॉलेजात भरायचा का लातूरच्या? दोन्हीकडं जाऊन चौकशी करून येतो.

मामा : दाजी, कॉलेजात फॉर्म भरायचाच नसतो. एकेका कॉलेजचा वेगळा अर्ज नाही. आपण प्रवेश देणाऱ्या यंत्रणेकडं नोंदणी करतो आणि कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं देतो. पुढचं वाटप यंत्रणा करते.

या यंत्रणा मुख्यतः तीन आहेत. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या जागा केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. एम्स, जिपमर आणि देशातील सर्व अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच भरते. उरलेल्या ८५ टक्के सरकारी जागा आणि राज्यातील खासगी महाविद्यालयांच्या जागा महाराष्ट्राच्या राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी कक्षाकडे असतात. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीच्या अखिल भारतीय जागांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी समिती आहे. राज्यातील अभ्यासक्रमांचे गट पाडलेले आहेत. पहिल्या गटात एमबीबीएस आणि बीडीएस, दुसऱ्यात बीएएमएस, बीएचएमएस आणि बीयूएमएस, तर तिसऱ्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांसारखे अभ्यासक्रम येतात.

वडील : बीदर आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा किती जवळ. निजामाबादही तसंच. तिथली सरकारी कॉलेजं का नाहीत यादीत?

मामा : तिथल्या ८५ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या रहिवाशांच्या. आपल्याला उघडी असते ती १५ टक्क्यांची वाट, आणि तिथं देशभरातली मुलं उतरतात. अंतर कमी म्हणून हक्क येत नाही. आपला हक्क महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत आहे.

हा हक्क टिकवण्याच्या अटी बऱ्याच घरांना उशिरा कळतात. राज्य कोट्यासाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो आणि सर्वसाधारण नियमानुसार दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. क्लाससाठी परराज्यात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केली, तर हा कोटा हातचा जाण्याचा धोका असतो. शाळा बदलण्याआधीच हे तपासायला हवे.

जवळचे कॉलेज की दूरचे

वडील : नांदेडचं शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज विष्णुपुरीला, म्हणजे आपल्या वाटेवरच. लातूरही आपलंच. पोरगी या दोन ठिकाणी लागली तर ठीक. गडचिरोली, सिंधुदुर्गला पाठवून जिवाला घोर कशाला?

मामा : दोनच नावं दिली तर दोनच दारं उघडी राहतात. आपला क्रमांक मधला आहे. तिला डॉक्टर करायचंय का ती जवळ राहायला हवी, हे आधी ठरवा.

वडिलांच्या म्हणण्याला इतिहासाची बाजू आहे. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० ही प्रादेशिक पद्धत होती. राज्य कोट्यातील ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के जागा राज्यभरातील विद्यार्थ्यांना मिळत. त्या काळात मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये चारच होती : छत्रपती संभाजीनगर (१९५६), अंबाजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) आणि लातूर (२००२). जागा कमी आणि नांदेड-लातूरची तयारी मोठी, त्यामुळे मराठवाड्यातील मुलाला इतर विभागांतील मुलापेक्षा अधिक गुण असूनही प्रवेश नाकारला जाई. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली. तेव्हा वैद्यकीय शिक्षण खाते लातूरचे अमित देशमुख यांच्याकडे होते. तेव्हापासून राज्य कोट्याची गुणवत्ता यादी संपूर्ण राज्यासाठी एकच आहे.

या बदलाचे दोन परिणाम झाले. मराठवाड्यातील मुलाला मुंबई, पुणे, नागपूर आणि कोकणाची दारे पूर्ण उघडली. त्याच वेळी नांदेड-लातूरच्या जागांवर राज्यातील कोणीही हक्क सांगू शकतो. 'आपल्या भागातले कॉलेज आपल्याला' हे गणित आता लागू पडत नाही. दूरची नावे टाळणाऱ्या मराठवाड्याच्या मुलाला या बदलाचा तोटा तेवढा सोसावा लागतो आणि फायदा दुसऱ्या कोणाला तरी होतो.

जागाही वाढल्या आहेत. धाराशिवला २०२२, परभणीला २०२३, तर हिंगोली आणि जालन्याला २०२४ साली शासकीय महाविद्यालये सुरू झाली. आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्येच वाशीम, बुलढाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक आणि अंबरनाथ येथेही नवी महाविद्यालये उघडली. नांदेडहून पूर्णामार्गे अकोल्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर हिंगोली आणि वाशीम ही दोन्ही ठिकाणे लागतात. नकाशावर दूर दिसणारे प्रत्येक कॉलेज प्रवासाला अवघड असतेच असे नाही.

वडील : पण ही कॉलेजं कालची. इमारत नाही, शिकवायला माणसं पुरी नाहीत असं ऐकतो. तिथं शिकून डॉक्टर कसला होणार?

मामा : शंका रास्त आहे. नव्या ठिकाणी विभाग उभे राहायला वेळ लागतो. तरी तीन गोष्टी बघा. जिल्हा रुग्णालय जोडलेलं असल्यानं रुग्ण भरपूर असतात. पदवी सगळ्यांची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. आणि पुढं एमडी-एमएसला जाताना नीट-पीजी सगळ्यांना एकच. जुनं कॉलेज मिळत असेल तर तेच वर टाकू. ते न मिळाल्यास नवं सरकारी कॉलेज सोडून देण्यासारखं नाही.

महाविद्यालय पाहताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे, हा इथला मूळ नियम आहे. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. या काळात विद्यार्थी किती रुग्ण तपासतो, किती प्रसूती पाहतो, अपघात विभागात किती रात्री काढतो, यावर त्याचा हात बसतो. ज्या खासगी रुग्णालयात खाटा रिकाम्या असतात, तिथे चकचकीत व्याख्यानगृहाने ही उणीव भरून निघत नाही. बाह्यरुग्ण विभागात एक दिवस सकाळी उभे राहून आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलून ही गोष्ट प्रत्यक्ष तपासता येते.

पैशाचा हिशेब

वडील : सरकारी नाही लागलं तर खासगीचं नाव काढू नका. दहा एकर रान हाय आपलं, तेही कोरडवाहू. सोयाबीनच्या भावावर मेडिकलची फी निघत नाही. जमीन विकून डॉक्टर केलेली पोरं मी बघितलीत, बाप शेवटी मजुरीला गेला.

मामा : जमीन विकायची नाही, यावर माझंही दुमत नाही. पण 'खासगी' म्हटलं की सगळं एकच, असं धरू नका. त्यात तीन वेगळे प्रकार आहेत.

शासकीय महाविद्यालयाची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती कॉलेजागणिक बदलते, पण राज्य कोट्यातील जागेला वर्षाकाठी साधारण सहा-सात लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जाते. याच महाविद्यालयांतील १५ टक्के संस्थास्तरीय कोट्याची फी याच्या कित्येक पट असते. अभिमत विद्यापीठांत राज्य कोटा नसतो आणि फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर असते. वर्षाला दहा लाख फी धरली तरी साडेचार वर्षांचे ४५ लाख होतात. त्यावर वसतिगृह, मेस, पुस्तके आणि परीक्षा शुल्क वेगळे.

मामा : आता सवलतीचं बघा. २०२४-२५ पासून मुलींसाठी शासनाचा नवा निर्णय लागू आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी हीच सवलत निम्मी होती. आपली पोरगी यात बसते.

वडील : म्हणजे खासगीतही फी माफ?

मामा : केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला. संस्थास्तरीय कोट्याला नाही आणि अभिमत विद्यापीठालाही नाही. एकाच कॉलेजच्या एकाच वर्गात दोघी बसल्या, तरी एकीला सवलत असते आणि दुसरीला नसते. म्हणून जागा कोणत्या वाटेनं मिळाली, हे महत्त्वाचं.

सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काला असते. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च घरालाच करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. मुलांना, म्हणजे मुलग्यांना, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्म्या शिक्षण शुल्काची मदत मिळते आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावे लागतात. सवलत धरून आणि सवलतीविना असे दोन्ही हिशेब प्रत्येक महाविद्यालयासमोर आधीच लिहून ठेवावेत. सवलतीविनाचा आकडा घराला मुळीच पेलणारा नसेल, तर एखाद्या वर्षी उत्पन्नाचा दाखला किंवा मंजुरी अडकल्यास काय करायचे, याचेही उत्तर आधी हवे.

शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला राज्यात एक वर्ष सेवा द्यावी लागते. ती टाळल्यास एमबीबीएससाठी दहा लाखांचा दंड आहे. हा खर्च नाही, पण ते एक वर्ष धरूनच पुढचे नियोजन करावे.

दलालांविषयीचा नियम थोडक्यात सांगता येतो. सामायिक समुपदेशनाबाहेर दिलेली एमबीबीएसची जागा वैध नाही. नीटशिवाय, फेरीशिवाय, रोख रकमेवर जागा देऊ करणारा माणूस नसलेली वस्तू विकत असतो.

पसंतीक्रम कसा लावायचा

वडील : गावात सगळे सांगतात, जे लागणार तेच पहिल्या नंबरावर टाका. मुंबईचं केईएम वर टाकलं आणि ते नाही लागलं, तर खालचंही दुसऱ्याला जातं.

मामा : हाच गैरसमज पोरांचं नुकसान करतो. संगणक कॉलेजागणिक यादी लावत नाही, मुलांच्या गुणवत्ता क्रमानं लावतो.

वाटपाची रीत अशी असते. गुणवत्ता यादीतील पहिला विद्यार्थी घेतला जातो. त्याच्या यादीत जे सर्वांत वरचे नाव रिकामे असेल, ती जागा त्याला मिळते. मग दुसरा, मग तिसरा. क्रमांक आला, की त्या विद्यार्थ्याच्या यादीतील पहिले नाव पाहिले जाते. ते भरलेले असेल तर दुसरे, तेही भरलेले असेल तर तिसरे. आपल्या यादीत एखादे कॉलेज पहिले आहे की पंधरावे, याने त्या कॉलेजवरील हक्क कमी-जास्त होत नाही. आपल्या आधीच्या क्रमांकाच्या मुलाने ती जागा घेतली नसेल, तर ती आपल्याला मिळते. म्हणून यादी शक्यतेच्या क्रमाने लावू नये, खऱ्या इच्छेच्या क्रमाने लावावी. अवघड वाटणारी नावे वर ठेवल्याने तोटा होत नाही. ती सोडून दिल्याने मात्र होऊ शकतो.

याला दोन मर्यादा आहेत. पहिली, मिळाल्यास जिथे जाणार नाही असे एकही नाव यादीत असू नये. जागा मिळून न स्वीकारल्यास कोणत्या फेरीत अनामत जप्त होते आणि कोणत्या फेरीनंतर पुढचा मार्ग बंद होतो, याचे नियम असतात. दुसरी मर्यादा दुसऱ्या फेरीपासून लागते. पहिल्या फेरीत जागा घेऊन 'अजून चांगली मिळाली तर घेईन' असे ठेवले आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते. त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातील जागेपेक्षा खरोखर हवीशी असलेलीच नावे ठेवावीत. हातातील जागेवर समाधान असेल, तर ती कायम ठेवण्याचा अर्ज भरून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे.

वडील : मग किती नावं टाकायची?

मामा : जिथं जायची तयारी आहे ती सगळी. मात्र ती नावं तिनं स्वतः वाचून, ठरवून टाकावीत. क्लासच्या माणसानं भरलेली यादी डोळे मिटून सही करण्यासाठी नसते.

आरक्षणाचा परिणाम इथेच दिसतो. १०० जागांच्या शासकीय महाविद्यालयात १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि राज्याच्या वाट्याला ८५ उरतात. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त आणि भटक्या जमातींचे गट मिळून ११, इतर मागासवर्ग १९, एसईबीसी १० आणि आर्थिक दुर्बल घटक १० टक्के असे वाटप आहे. आरक्षित प्रवर्गांची ही बेरीज ७० टक्के होते. उरलेल्या २५ च्या आसपास जागा खुल्या असतात आणि त्यांवर कोणत्याही प्रवर्गातील मूल गुणवत्तेने जाऊ शकते. एकाच गुणानुक्रमाला वेगवेगळ्या प्रवर्गांत वेगळा निकाल का मिळतो, याचे उत्तर या वाटपात आहे. म्हणून शेजारच्या मुलाच्या प्रवेशावरून अंदाज बांधू नये. सीईटी कक्षाने प्रसिद्ध केलेल्या मागील वर्षाच्या वाटप याद्यांत आपल्याच प्रवर्गाचा, प्रत्येक कॉलेजचा शेवटचा क्रमांक पाहावा. त्यातही पहिल्या फेरीचा नव्हे, तर अखेरच्या फेरीचा. नव्या महाविद्यालयांमुळे हा क्रमांक दरवर्षी थोडा सरकतो, हेही ध्यानात ठेवावे.

एमबीबीएस नाही तर काय

मामा : यादीच्या शेवटी तरी बीएएमएस टाकू. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. फी कमी, घर जवळ.

वडील : तिला आयुर्वेद शिकायचंय का? तिनं कधी तसं म्हटलेलं नाही. नावापुढं डॉक्टर लागावं म्हणून साडेपाच वर्षं नको त्या विषयात घालवायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा ती बीएस्सी करील.

या मुद्द्यावर वडिलांची बाजू अधिक भक्कम आहे. बीएएमएस हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम अधिक एक वर्षाची आंतरवासिता असा पूर्ण वाढीचा शिक्षणक्रम आहे. त्यात संस्कृत ग्रंथ, द्रव्यगुण, पंचकर्म असे स्वतंत्र विषय आहेत. त्याला एमबीबीएसचा पर्याय समजून गेलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी खचतो. त्या शास्त्राची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला मात्र पुढे पदव्युत्तर शिक्षण, स्वतःचा दवाखाना, सरकारी सेवेत वैद्यकीय अधिकारी गट-ब आणि शालेय आरोग्य तपासणी पथके असे मार्ग मिळतात. ग्रामीण मराठवाड्यात पहिला उपचार आजही बऱ्याच ठिकाणी आयुर्वेद पदवीधरच करतात. बीडीएस हा चार वर्षे अधिक एक वर्ष आंतरवासितेचा अभ्यासक्रम आहे. त्यात हाताचे कौशल्य आणि दवाखान्यासाठी यंत्रसामग्रीचे भांडवल लागते. फिजिओथेरपीची पदवी साडेचार वर्षांत, तर बीएस्सी नर्सिंग चार वर्षांत पूर्ण होते. या प्रत्येक मार्गाची निवड त्याच्या स्वतःच्या गुणांवर व्हावी. 'एमबीबीएस हुकले' हे एकच कारण त्यासाठी पुरेसे नाही.

परदेशाचा पर्यायही घरात येतो. जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशिया, उझबेकिस्तान येथे जाणाऱ्यालाही नीट पात्र असावे लागते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार तो अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा, तिथेच बारा महिन्यांची आंतरवासिता व्हावी आणि परतल्यावर भारतात पुन्हा बारा महिन्यांची. त्याआधी परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा ३०० पैकी १५० गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिच्यात बहुसंख्य परीक्षार्थी अनुत्तीर्ण होतात. २०२२ साली युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्ध्यावर अडकले होते, ही आठवण ताजी आहे. कमी फीचा आकडा पाहताना ही पूर्ण साखळी पाहावी.

पुन्हा एक वर्ष द्यायचे का

वडील : मग माझं म्हणणं हेच, अजून एक वर्ष द्या तिला. चाळीस वर्षं डॉक्टरकी करायची, त्यात एक वर्ष काय जास्त?

मामा : वर्ष जास्त नाही, दाजी. पण ते वर्ष कशासाठी, हे आधी सांगता आलं पाहिजे. गुण कुठं गेले? जीवशास्त्र नीट आहे आणि भौतिकशास्त्र बुडालं असेल, तर वर्षभरात ते उभं राहतं. तिन्ही विषयांत थोडं थोडं गेलं असेल, आणि हे तिचं दुसरं वर्ष असेल, तर तेच क्लास, तीच खोली, तीच पुस्तकं घेऊन निकाल बदलेल कसा?

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही नाही. ही मोकळीक उपयोगाची आहे, तशी धोक्याचीही, कारण थांबण्याची वेळ कोणी बाहेरून सांगत नाही. परीक्षा वर्षातून एकदाच असते आणि त्या दिवशीचा ताप, झोप किंवा प्रश्नपत्रिकेचे वळण यांनी क्रमांक हलतो. गुणांची वैधता देशातील प्रवेशासाठी त्याच वर्षापुरती असते, म्हणून पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पुन्हा बसण्याचा निर्णय योग्य ठरतो तो तीन गोष्टी जुळल्या तर : गुण कुठे गेले याचे नेमके उत्तर हाती आहे, अभ्यासाच्या पद्धतीत काय बदलणार हे ठरले आहे, आणि विद्यार्थ्याची स्वतःची इच्छा आहे. तिसरी गोष्ट आईवडिलांनी तिच्या वतीने ठरवू नये. खोलीत एकटे राहून दुसरे-तिसरे वर्ष काढणाऱ्या मुलांच्या मनावरचा ताण मोठा असतो. झोप उडणे, जेवण टाळणे, घरी बोलणे बंद होणे ही लक्षणे दिसली, तर अभ्यासाआधी मुलाची काळजी घ्यावी.

वडील : आणि जागा धरून ठेवून परीक्षा द्यायची?

मामा : तसं करतात. पण मुदतीनंतर जागा सोडली तर दंड किती, मूळ कागदपत्रं परत कधी मिळतात, हे प्रवेश पुस्तिकेत वाचूनच. शिवाय आपण अडवलेली जागा दुसऱ्या कोणत्या तरी लेकराची असते.

कागद आणि मुदत

मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा प्रवेश गुणांऐवजी कागदावरून जाणे, ही सर्वांत टाळता येण्यासारखी हानी आहे. नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि वैद्यकीय योग्यतेचा दाखला सर्वांना लागतो. आरक्षित प्रवर्गासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र, इतर मागासवर्गासारख्या प्रवर्गांना मुदतीतील नॉन-क्रीमीलेयर, आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याच वर्षाचा दाखला. वर्षाचा खंड असेल तर त्याचे शपथपत्र. जात वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच दाखल करावा, कारण समितीपुढे पुरावे तपासायला महिने जातात. मराठवाड्यात निजामकाळातील नोंदींवरून कुणबी प्रमाणपत्र मिळवणाऱ्या कुटुंबांना हे विशेष लागू आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे वैधता झाली असे नाही, आणि एका वेळी एकाच प्रवर्गाचा लाभ घेता येतो.

बारावीलाही विसरू नये. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के गुण आवश्यक असतात.

एमसीसीची नोंदणी राज्य कोट्यावर विसंबून सोडून देऊ नये. अखिल भारतीय कोट्याची अनामत खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि आरक्षित प्रवर्गांना ५,००० रुपये असते. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र ती दोन लाख आहे. फी पेलणार नसेल, तर तो पर्याय नोंदणीतच वगळावा. पहिल्या फेरीत बाहेर पडणे सोपे असते, पण पुढच्या फेऱ्यांत अनामत जाते आणि शेवटच्या फेऱ्यांत घेतलेली जागा सोडता येत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची प्रवेश पुस्तिका हाच आधार धरावा.

दोन्ही मतांतून निघणारा क्रम

मामांचे म्हणणे क्रमांक, रुंद यादी आणि हातातील जागा यांवर उभे आहे. वडिलांचे म्हणणे कर्ज न करणे, नको त्या विषयात मुलीला न ढकलणे आणि घरापासूनचे अंतर यांवर. पहिल्या मताविना संधी हुकतात, तर दुसऱ्याविना घर किंवा मूल मोडते. दोन्ही मते एकत्र आणायची तर निर्णयांचा क्रम बदलावा लागतो.

पहिल्या फेरीच्या आधी, घरात सर्वांनी बसून तीन मर्यादा लिहून काढाव्यात : वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे, मुलीला कोणते अभ्यासक्रम मान्य, आणि पुन्हा परीक्षा द्यायची की नाही. या मर्यादा ठरवताना शेवटचा शब्द पैशाबाबत आईवडिलांचा असावा आणि विषयाबाबत मुलीचा. त्या मर्यादांच्या आत मग यादी शक्य तेवढी लांब करावी : आधी आवडीची शासकीय महाविद्यालये, मग उरलेली राज्यभरातील शासकीय, मग सवलतीसह परवडणारी खासगी, आणि मनापासून हवे असल्यासच इतर अभ्यासक्रम. पुन्हा परीक्षेचा निर्णय फेऱ्या संपण्याची वाट न पाहता तारीख ठरवून घ्यावा, म्हणजे अभ्यासाचे महिने वाया जात नाहीत.

वडील : म्हणजे गडचिरोलीही टाकायचं?

मामा : ती जायला तयार असेल तर टाकायचं. तिलाच विचारा.

वडिलांनी विचारले. मुलीने शासकीय महाविद्यालयांची सगळी नावे ठेवली, अभिमत विद्यापीठे आणि संस्थास्तरीय कोटा वगळला, बीएएमएसचा गट भरला नाही, आणि यातले काहीच न मिळाल्यास भौतिकशास्त्रासाठी एकच वर्ष आणखी द्यायचे ठरवले. मधल्या गुणांवर याहून वेगळे उत्तरही बरोबर असू शकते. ते फेरी सुरू होण्याआधी, स्वतःच्या मर्यादा ओळखून ठरलेले असावे, एवढीच त्याची कसोटी.